फळाचा धनी

एखाद्या अधिकारपदावर थोर कर्तृत्वाचा पुरुष काही वर्षे राहून गेला, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्याच्या कपाळी जी तुलना लिहिलेली असते ती न्यायाची असते काय, हा प्रश्न वरवर पाहता लौकिक व्यवहाराचा वाटतो. परंतु थोडे खोल उतरले असता तो कर्म, कर्ता आणि फळ यांच्या परस्परसंबंधाचा, म्हणजे आपल्या धर्मचिंतनाच्या अगदी गाभ्याचा प्रश्न आहे असे दिसून येते. त्याचा विचार करण्यास दिल्लीच्या फुटबॉल मैदानांइतके योग्य स्थळ मला दुसरे सुचत नाही.

दिल्ली दरवाजाजवळ, फिरोजशहा कोटल्याच्या क्रिकेट मैदानाच्या शेजारी, आंबेडकर स्टेडियम नावाचे एक बेताचे क्रीडांगण आहे. तेथे २९ ऑगस्ट २००७ रोजी एन. पी. प्रदीपच्या एकमेव गोलाने सीरियाला नमवून भारताने नेहरू चषक प्रथमच जिंकला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक बॉब हॉटन हे होते. स्वीडनच्या माल्मो संघाला १९७९ साली युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलेले हे इंग्रज गृहस्थ २००६ पासून येथे होते. पुढल्याच वर्षी त्याच मैदानावर ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव करून त्यांच्या संघाने एएफसी चॅलेंज चषक मिळवला आणि त्यायोगे १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकाचे दार भारतास उघडले. २००९ मध्ये सुब्रत पालने पेनल्टीचे फटके अडवल्यामुळे नेहरू चषक पुन्हा घरी राहिला. हॉटन २०११ मध्ये गेले. मध्यंतरी गोव्याचे आर्मांदो कुलासो आणि साव्हियो मेदेरा यांनी थोडथोडा काळ धुरा वाहिली, आणि २०१२ च्या मध्यास डच प्रशिक्षक विम कोव्हरमन्स यांची नेमणूक झाली. त्यांनी २ सप्टेंबर २०१२ रोजी जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून तोच चषक जिंकला. परंतु पुढल्या वर्षी यांगूनमध्ये यजमान म्यानमारकडून हार पत्करून चॅलेंज चषकाची पात्रता हुकली, काठमांडूला सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानकडून ०-२ असा पराभव झाला, आणि लोकांचा निवाडा कायम होऊन बसला: हॉटन यशस्वी, कोव्हरमन्स त्यांच्या पासंगासही न पुरणारे.

हा निवाडा ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत अशी की, ज्याच्या मुदतीत फळ पडले तो त्या फळाचा धनी. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाने ही समजूत मुळापासून हलवली आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव, आणि एवढे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय, असाही स्पष्ट शेरा तेथे आहे. गीताकारांनी कर्त्यास पाचांतून वगळलेले नाही. त्यास पाचांपैकी एक म्हणून त्याच्या जागी बसवले आहे, आणि माझ्या मते या विवेचनाचे सारे मोल या मोजमापात आहे. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला. आपल्या प्रस्तुत विषयापुरते तो आधार म्हणजे संघ, मैदान आणि महासंघाचे पाठबळ असे समजण्यास हरकत नसावी.

या पाच कारणांच्या उजेडात हॉटन यांची कारकीर्द पुन्हा पाहावी. त्यांनी महासंघाकडून दीर्घ शिबिरे आणि परदेश दौरे मिळवले, ही त्यांची चेष्टा, आणि ती खरोखर प्रशंसनीय होती. परंतु करणे? ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल करणारा सुनील छेत्री २००५ सालीच, सुखविंदर सिंग प्रशिक्षक असताना, भारताच्या संघात आलेला होता, आणि बायचुंग भुतिया तर १९९५ पासून खेळत होता. ही दोन्ही शस्त्रे हॉटन यांच्या हाती आयती आली. दैवाचा भागही थोडा नव्हता. चॅलेंज चषकाची स्पर्धा हैदराबादेत भरली होती, तेथील मैदानाची पावसाने दुर्दशा झाली आणि अंतिम सामना दिल्लीस हलवावा लागला. उलट कोव्हरमन्स यांच्या हाती संघ आला तेव्हा भुतिया निवृत्त झालेला, अनुभवी पिढी उतरणीला लागलेली, आणि आखूड पासांचा जो खेळ ते शिकवू पाहत होते त्याची सवय खेळाडूंना नव्हती. कॅमेरूनच्या एका खेळाडूचा फटका गोलखांबावर आदळला म्हणून त्यांच्या पदरी चषक पडला, हेही तितकेच खरे. दैवाचा लाभ उभयतांना झाला, फक्त एकाचा लाभ पराक्रमाच्या सदरी जमा झाला आणि दुसऱ्याचा नशिबाच्या. जमाखर्चात मागील शिल्लक न दाखवता केवळ चालू सालची वसुली पाहून कारभाऱ्यास बक्षीस किंवा शिक्षा देणे हा जसा अन्याय, तसाच हा होय.

मीमांसकांनी या प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली आहे. यज्ञ आज संपतो आणि त्याचे फळ कालांतराने मिळते; मधल्या काळात कर्म तर नष्ट झालेले असते, मग फळ उपजते कशातून? त्यावर त्यांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती कल्पिली. या कल्पनेची सत्यता तत्त्वज्ञांनी तपासावी, परंतु भारतीय फुटबॉलच्या इतिहासात तिचे स्मरण मला वारंवार होते. हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम यांनी १९५१ साली दिल्लीच्याच नॅशनल स्टेडियमवर, मेवालालच्या गोलाने इराणला हरवून, आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळवून दिले. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघास चौथ्या स्थानी पोचवले. आणि १९६२ मध्ये कर्करोगाने शरीर पोखरलेले असताना जाकार्तास दुसरे सुवर्ण जिंकले. ११ जून १९६३ रोजी ते वारले. पुढल्याच वर्षी हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली भारत आशियाई चषकात दुसरा आला, आणि त्या स्पर्धेत त्याहून वरचे स्थान आपणांस आजतागायत लाभलेले नाही. संघाचा कर्णधार चुनी गोस्वामी, जो दोन वर्षांपूर्वी जाकार्तातही कर्णधार होता. ते उपविजेतेपद दप्तरी राइट यांच्या नावे आहे. परंतु त्यात मृत रहीमांचा हात नव्हता असे म्हणण्यास मी धजणार नाही.

यावर आक्षेप असा येईल की, फळ कोणाचेच नसेल तर जबाबदारीही कोणाची नाही, आणि मग प्रत्येक नालायक वारस पूर्वसूरींच्या शिलकीकडे किंवा दैवाकडे बोट दाखवून मोकळा होईल. आक्षेप गंभीर आहे, आणि दिल्लीनेच त्याचा दाखला पुरवला आहे. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीकरवी कवायती पलटणी उभ्या करून उत्तर हिंदुस्थान ताब्यात आणला. १७९४ मध्ये महादजी गेले, पुढे द बॉइन्य स्वदेशी परतला, आणि त्याच पलटणी महादजींचा वारस दौलतराव आणि त्याचा फ्रेंच सेनापती पेराँ यांच्या हाती आल्या. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत इंग्रज सेनापती लेकने त्या मोडल्या; पेराँ तर तत्पूर्वीच इंग्रजांच्या आश्रयास गेलेला होता. नोएडाच्या गोल्फ मैदानात त्या लढाईचा स्मारकस्तंभ उभा आहे. येथे करणे उत्तम होती, अधिष्ठान बळकट होते, उणीव होती ती कर्त्यात आणि चेष्टेत, आणि म्हणून येथे वारसास दोष लावणे अगदी रास्त आहे. पाच कारणांचा विचार वारसास सरसकट माफी देत नाही. प्रत्येक कारणाची स्वतंत्र तपासणी करावयास लावतो, एवढेच.

कर्त्याचा स्वतःचा भाग कोणता, हे पाहावयाचे तर मी चषकांच्या यादीऐवजी जाकार्ताच्या अंतिम सामन्यातील रहीमांची संघनिवड पाहीन. जर्नेल सिंगच्या डोक्यास जखम होऊन टाके पडलेले, बचावात हेडिंग करणे त्यास धोक्याचे. रहीमांनी त्यास आघाडीवर खेळवले. गोलरक्षक थंगराज तापातून नुकता उठलेला, पहिल्या सामन्यांत प्रद्युत बर्मनने त्याची जागा घेतलेली. तरी उंच कोरियन आघाडीसमोर उंच माणूस हवा म्हणून त्यांनी थंगराजला उभे केले. एका भारतीय क्रीडाधिकाऱ्यावरील रागाने लाखभर प्रेक्षक विरुद्ध ओरडत असता पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांच्या गोलांनी भारत २-१ असा जिंकला. दुखऱ्या शरीरातही काय शिल्लक आहे हे ओळखून त्यास योग्य जागी ठेवण्याची ही दृष्टी ना शिलकीतून आलेली, ना दैवातून.

आपल्या शास्त्रांनी मनुष्यावर जी तीन ऋणे सांगितली त्यांतील ऋषिऋण पुस्तके पूजून फिटत नाही, मिळालेली विद्या पुढे दिल्याने फिटते. आणि गुरूची गुरूशी तुलना करावयाचीच असेल, तर ती या कसोटीवर करावी असे मला मनापासून वाटते. हॉटन यांच्या संघाने २०११ च्या जानेवारीत दोहा येथे आशियाई चषकात तिन्ही सामने गमावून तेरा गोल घेतले, आणि त्यांतील प्रौढ खेळाडूंच्या मागे उभी राहील अशी पुढली फळी दिसत नव्हती. कोव्हरमन्स यांच्या अपयशाचा काही भाग म्हणूनच पूर्वीच्या मुदतीत मोडतो, असे माझे मत आहे. रहीमांचा हिशेब निराळा. त्यांचा मुलगा हकीम आणि शिष्य बॅनर्जी दोघेही पुढे प्रशिक्षक झाले, आणि १९७० साली बँकॉकला भारताने कांस्यपदक जिंकले तेव्हा संघाच्या शिक्षकांत बॅनर्जी होते. बारा वर्षांनी दिल्लीच्या स्पर्धेत त्याच बॅनर्जींचा संघ उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून एका गोलाने हरला, आणि लोकांनी त्यांना रहीमांशी ताडून पाहिले ते केवळ त्या एका गोलावरून.