संचित कुणाचे, भोग कुणाला?

लोणारच्या सरोवराला बाहेर जाणारी वाट नाही. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेला हा खळगा. धारेखाली स्नान केले की पाप गेले असे आपण म्हणतो; ते पाणी मात्र खाली सरोवरातच उतरते. ऊन पाणी तेवढे नेते, खार मागे राहतो. जून २०२० मध्ये पाणी घटून खारटपणा वाढला, मिठात जगणारे सूक्ष्म जीव माजले आणि सरोवर गुलाबी झाले. इथे काही लपत नाही.

नदीत टाकलेले डोळ्यांआड होते, म्हणून ते गेले असे आपण धरून चालतो.

नागपूरजवळ कोराडीला औष्णिक वीज केंद्र आहे. आपल्याकडच्या कोळशात शंभरातले तीस-चाळीस भाग राखच असते. ती पाण्यात कालवून खसाळ्याच्या बंधाऱ्यात साठवीत. जुलै २०२२ मध्ये, ऐन आषाढात, अतिवृष्टीने तो बंधारा फुटला. राखेचा राडा शेतांत, कोलार नदीत आणि पुढे कन्हान नदीत गेला. नागपूरकर कन्हानचे पाणी पितात. राख तळाशी बसते, मासे अंडी घालतात ती जागा बुजते. शिसे, पारा, आर्सेनिक यांचे अंशही राखेत असतात. पुढे कन्हान वैनगंगेला मिळते आणि तेच पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्होला २०१९ साली लोखंडाच्या खाणीच्या गाळाचा बांध फुटला, तेव्हा सुमारे २७० माणसे गेली आणि पाराओपेबा नदी गढूळली.

दोष पावसाचा म्हणणे सोपे आहे. आपण कर्माचे तीन भाग सांगतो: संचित, प्रारब्ध, क्रियमाण. राखेचा बंधारा म्हणजे संचितच की! पाऊस केवळ निमित्त. पण इथे एक गाठ पडते. ज्याचे संचित त्यालाच भोग, हा सिद्धांत. खसाळ्याला साठवले एकाने आणि भोगले खालच्या शेतकऱ्याने. अशांना ‘तुमचे प्रारब्ध’ म्हणून सांगणारे कीर्तनकार मी ऐकले आहेत. मला ते निरूपण वाटत नाही, निर्दयपणा वाटतो. दुसऱ्याने केलेला अन्याय सोसणाऱ्याच्या माथी मारायला कर्मसिद्धांत सांगितलेला नाही.

मग कर्ता कोण? बंधारा ज्यांच्या हाती होता ते आधी, यात शंका नको. पण वीज एकाच जाळ्यात मिसळते. सप्ताहाच्या मांडवातले दिवे आणि भोंगे (भोंगे तर हल्ली फारच झाले) कुठल्या कोळशावर चालले, कोण सांगणार? आपला वाटा लहान असेल, पण शून्य नाही.

क्रियमाण तेवढे आपल्या हाती. राख विटांना, सिमेंटला, रस्त्यांच्या भरावाला चालते. केंद्राच्या डिसेंबर २०२१ च्या नियमाने ती पूर्ण वापरणे वीज केंद्रांना बंधनकारक आहे. जुन्या साठ्यांना मात्र दहा वर्षांची मुदत आहे, आणि तेवढ्या काळात दहा आषाढ येतात.