नक्कल सोपी, जबाबदारी अवघड

पुस्तक वाचताना एखादे पान मनाला भिडले की आपण तेथे कागदाची चिठ्ठी ठेवतो. पुढे तेच पुस्तक मित्राच्या हाती गेले, म्हणजे ती वाचनखूण त्याला मुकाट्याने सांगते की येथे थांब, हे वाचण्याजोगे आहे. खूण ठेवणाऱ्याने ते पान स्वतः वाचले आहे आणि त्याला ते मोलाचे वाटले आहे, एवढे आपण गृहीत धरतो. म्हणूनच वाचनखूण ही वस्तुतः एक लहानशी साक्ष असते.

याच साध्या व्यवहारावर २००३ साली अमेरिकेत जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशियस’ नावाचे संकेतस्थळ उभारले. इंटरनेटवर आढळलेल्या चांगल्या पानांचे पत्ते तेथे नोंदवून ठेवता येत आणि ते इतरांनाही दिसत. एकच पान अनेकांनी नोंदवले, तर त्यात काही अर्थ असावा, असे नवख्या वाचकाला कळे. पुढल्याच वर्षी ‘डिग’ हे संकेतस्थळ आले. तेथे वाचक मते देत आणि अधिक मतांची बातमी वर चढे. २००५ च्या डिसेंबरात स्पेनमध्ये ‘डिग’च्याच धर्तीवर ‘मेनेआमे’ निघाले आणि त्याच्या चालकांनी आपली संगणकप्रणाली सर्वांना खुली केली. तिच्यातून ‘प्लिग’ नावाची फुकट मिळणारी प्रणाली तयार झाली. मग काय विचारता! ज्याच्यापाशी थोडे पैसे आणि एक मोकळी दुपार होती, त्याला असे संकेतस्थळ थाटता येऊ लागले. एकाच साच्यातली, एकाच तोंडवळ्याची संकेतस्थळे पावसाळ्यातल्या छत्र्यांप्रमाणे उगवली. नाव वेगळे, रंग वेगळा. आत मात्र तेच.

आता प्रश्न असा की, यात वाईट ते काय? नक्कल करणे हे पाप आहे काय?

घाईने उत्तर देणे योग्य होणार नाही. मूल अक्षर गिरवूनच लिहावयास शिकते. शिंप्याचा पोरगा बापाचे बेतणे पाहूनच कात्री धरतो. इंटरनेटच्या जगातही पहिला तोच श्रेष्ठ, असे घडलेले नाही. माणसांची ओळखदेख जोडून देणारे ‘सिक्सडिग्रीज’ १९९७ साली निघाले. त्यामागून ‘फ्रेंडस्टर’ आले, ‘मायस्पेस’ आले, आणि २००४ साली ‘फेसबुक’ आले. शेवटी आलेल्याने आधीच्यांना मागे टाकले. स्पेनमधील ‘मेनेआमे’ ही तर उघडउघड नक्कल होती. परंतु स्पॅनिश वाचकांना आपल्या भाषेत बातम्या निवडण्याची जागा हवी होती, ती तिने दिली. ती आजही चालू आहे. तेव्हा दुसऱ्याचे पाहून करणे हा दोष नव्हे. आपण जे करतो ते कोणाची गरज भागवण्यासाठी करतो, हा खरा प्रश्न आहे.

या कसोटीवर ती शेकडो संकेतस्थळे घासून पाहा. त्यांतील पुष्कळशी वाचकांसाठी निघालीच नव्हती. गूगलसारखी शोधयंत्रे एखाद्या पानाकडे बाहेरून किती दुवे येतात, यावरून त्याचे महत्त्व ठरवण्यास मदत घेतात. दुवा म्हणजे जणू एक शिफारसच. हे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले, तेव्हा शिफारशींचा कारखानाच सुरू झाला. आपल्या देशातही अनेक कार्यालयांतून तरुण मुलामुलींपुढे संकेतस्थळांच्या लांबलचक याद्या ठेवल्या गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाइकाच्या पानाची नोंद करणे, हे त्यांचे दिवसाचे काम ठरले. ते पान त्यांनी वाचलेले नसे. वाचून ते मोलाचे वाटण्याचा प्रश्नच नव्हता. नोंद करणाराही वाचीत नाही आणि नोंद पाहावयासही कोणी येत नाही, अशी ती वाचनखुणांची ओसाड गावे होती.

येथे नकलेचा खरा दोष दिसतो. साचा उचलला गेला, परंतु त्या साच्यामागील प्रामाणिकपणा उचलता आला नाही. ‘हे मी वाचले आहे, तूही वाच’ या साक्षीची जागा मोबदला घेऊन दिलेल्या साक्षीने घेतली. अशा साक्षीने एकट्या व्यापाऱ्याचे नुकसान होत नाही; खऱ्या साक्षीवरचाही लोकांचा विश्वास उडतो. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने अशा बनावट दुव्यांना आळा घालणारा मोठा बदल केला, तेव्हा ज्यांनी त्यांवर भिस्त ठेवली होती त्यांची धांदल उडाली. वाळूवर बांधलेल्या घराचे जे होते तेच झाले.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. जो मनुष्य लोकांना ‘या, बसा, बोला, आपले सामान येथे ठेवा’ असे म्हणतो, तो नकळत एक वचन देत असतो. लोक तेथे आपली पत्रे, छायाचित्रे, वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदी ठेवतात. ती ठेव असते. ‘मॅग्नोलिया’ नावाच्या वाचनखुणांच्या एका संकेतस्थळावर २००९ च्या जानेवारीत बिघाड झाला, आणि राखून ठेवलेली प्रत पुरेशी नसल्याने लोकांच्या नोंदी नष्ट झाल्या. ‘मायस्पेस’ तर केवढे मोठे! तरीही तेथे आरंभीच्या बारा वर्षांत लोकांनी ठेवलेली गाणी हरवल्याचे २०१९ साली उघड झाले. मोठ्यांची ही कथा, तर एका दुपारी थाटलेल्या आणि चालकाचा उत्साह ओसरताच एखाद्या सकाळी दिसेनाशा झालेल्या संकेतस्थळांची काय सांगावी?

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, बाजारात दहा दुकाने निघतात, नऊ बंद पडतात. त्यात कोणाचे काय गेले?’ हा आक्षेप टाकाऊ नाही. पुष्कळांनी प्रयत्न केल्यावाचून चांगले काय ते कळत नाही, हे खरेच. परंतु मिठाईचे दुकान बंद पडले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. पतपेढी बंद पडली तर ठेवीदार रस्त्यावर येतो. माणसांना एकत्र बोलावणारी जागा दुकानासारखी कमी आणि पतपेढीसारखी अधिक आहे.

बंद पडणे हा मात्र गुन्हा नव्हे. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. पण तीन महिने आधी तशी सूचना देण्यात आली, आणि आपले साहित्य उतरवून घेण्यास पुढे दोन वर्षांची मुदत मिळाली. आपल्या देशी भाषांसाठी २०२० साली निघालेले ‘कू’ही २०२४ च्या जुलैत थांबले; तेथे गरज खरी होती, तरी शेवट आलाच. प्रत्येक मानवी कार्याला शेवट आहे. कारभाऱ्याची पारख मात्र तो हिशेब कसा देतो, यावरून होते. आरंभीच शेवटाचा विचार करणे, ही जबाबदारी साच्याबरोबर उचलता येत नाही; ती ज्याची त्याने स्वतः पत्करावी लागते.

वाचकहो, आपणांपैकी फारच थोडे जण संकेतस्थळ काढणार आहेत, हे मी जाणतो. तथापि हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही. एक मंडळ चालू असताना त्याच माणसांचे दुसरे मंडळ आपण का काढतो? भ्रमणध्वनीवर एक समूह असताना त्याच वीस जणांचा दुसरा समूह उघडतो, तेव्हा तेथे कोणाची कोणती गरज भागणार असते? बहुधा उत्तर एवढेच असते की त्यांचा आहे, मग आमचाही असावा. ही हौस आपल्या हातून नवे काहीच घडवीत नाही, आणि आधीच चाललेल्या कामातली माणसे व वेळ मात्र काढून घेते. महिन्याभरात नवा समूह शांत होतो, जुनाही विस्कळीत झालेला असतो, आणि ज्या एकाकी माणसाने मोठ्या आशेने तेथे आपले दुःख लिहिले होते, त्याला उत्तर द्यावयास कोणीच उरत नाही.

तेव्हा नवे काही उभारण्यापूर्वी आपण स्वतःला दोन प्रश्न विचारू या. याची वाट पाहणारा कोणी आहे काय? आणि जो येईल त्याची ठेव सांभाळण्याची माझी तयारी आहे काय? तसेच, बोटाच्या एका स्पर्शाने एखादा मजकूर पुढे धाडताना तिसरा प्रश्नही विचारू या, हे मी खरोखर वाचले आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी आली, तर हात आवरता घेण्यात कमीपणा नाही. जेथे आधीच दिवा लावलेला आहे, तेथे आपला दिवा नेण्यापेक्षा त्याच दिव्यात थोडे तेल घालणे, हे पुष्कळदा अधिक मोलाचे कार्य असते.