विकराचा चुकलेला पत्ता

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगाव लागते. तिथल्या मेडिकलमध्येही पित्तावरची ओमेप्राझोलची गोळी सहज मिळते. जठराच्या पेशींतून आम्ल बाहेर फेकणारा प्रोटॉन पंप ती बंद पाडते. पण हा पंप म्हणजे नेमके कोणते विकर, या प्रश्नाला आधी एक वेगळेच उत्तर मिळाले होते. 1965 साली कसबेकर आणि डर्बिन या संशोधकांनी बेडकाच्या जठराच्या अस्तरातून एक एटीपेज वेगळे केले. (कसबेकर हे आडनाव आपल्या ओळखीचे, पण या शोधाची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही.) एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करणारे हे विकर बायकार्बोनेट घातले की जोमाने काम करी आणि थायोसायनेट घातले की मंदावे. हाच तो आम्लाचा पंप असावा, असे अनुमान त्यातून निघाले.

हे अनुमान उतावळेपणाचे नव्हते. रक्तातल्यापेक्षा जठररसात हायड्रोजन आयन दहा लाख पटींहून अधिक असतात. एवढा चढ चढवायचा तर एटीपीची ऊर्जा खर्ची पडणारच. खेकड्याच्या मज्जातंतूंत सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारे एटीपेज स्को यांनी 1957 मध्ये दाखवले होते, त्यामुळे आयन वाहणारा पंप हे एक विकरच असते, ही कल्पना ताजी आणि भक्कम होती. शिवाय जठरात एक हायड्रोजन आयन सुटला की दुसऱ्या बाजूने एक बायकार्बोनेट रक्तात उतरते आणि थायोसायनेटने आम्लस्राव थांबतो, हे दोन्ही आधीपासून ठाऊक होते. पुढच्या दहा वर्षांत स्वादुपिंड, लाळग्रंथी, माशांचे कल्ले, मूत्रपिंड अशा जिथे जिथे आयनांची वाहतूक जोरात चालते, तिथे तिथे हे एटीपेज सापडत गेले. पुराव्यांची रास वाढली. माझ्या मते कल्पना फसली ती इथेच, कारण तो सगळा पुरावा एकाच जातीचा होता: जिथे वाहतूक, तिथे विकर. आयन वाहून नेणाऱ्या ऊतींना ऊर्जा भरपूर लागते, म्हणून त्यांच्यात ती पुरवणाऱ्या तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया) दाटीने असतात. जठराच्या आम्लपेशीची तर सुमारे एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते. आणि तंतुकणिकांचे स्वतःचे एटीपेजही बायकार्बोनेटने चेतते व थायोसायनेटने दबते. ऊती वाटून अपकेंद्रित्रात फिरवताना तंतुकणिका फुटतात आणि त्यांचे तुकडे पेशीपटलांच्या गाळात मिसळतात. मोजले जाणारे विकर खरे, पण ते राहते कुठे हे त्या मोजणीतून कळत नव्हते. 1974 च्या सुमारास तंतुकणिकांवरचा संशय बळावला. 1977 मध्ये बाँटिंग यांच्या गटाने पेशीपटलात असे विकर आहे का, हा प्रश्न शीर्षकातच विचारला आणि उत्तर नकारार्थी दिले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मूत्रपिंडाच्या नलिकांतील पटले पुष्कळ शुद्ध करूनही थोडी क्रिया उरते, असे काही अभ्यासकांनी दाखवले होते. ते नाकारू नये. त्या पटलांत पुढे खरोखरच एक निराळा हायड्रोजन पंप सापडला. पण उरलेल्या क्रियेचा अर्थ बायकार्बोनेट वाहणारा पंप असा होत नाही. प्राण्यांच्या पेशींत बायकार्बोनेटच्या ज्या वाटा पुढे पक्क्या ठरल्या, त्या मुख्यतः अदलाबदलीच्या किंवा सोडियमच्या जोडीने जाण्याच्या आहेत. त्या वाहक प्रथिनांना एटीपी फोडावे लागत नाही. मग थायोसायनेट आम्ल का थांबवते? ते पंपाला न अडवता साचलेले आम्ल परत पेशीकडे झिरपू देते, असे स्पष्टीकरण मिळाले.

दुसरा आक्षेप असा, की चुकीच्या कल्पनेची आठवण हवीच कशाला? कारण पटलांतून तंतुकणिकांचा अंश काढून टाकण्याची निकड या वादाने वाढवली. गॅन्सर आणि फोर्ट यांनी 1973 मध्ये बेडकाच्याच जठराच्या पटलांत पोटॅशियमने चेतणारे एटीपेज दाखवले. 1976 मध्ये सॅक्स यांच्या गटाने डुकराच्या जठरातील पटलांच्या पिशव्यांमध्ये ते पोटॅशियमच्या बदल्यात हायड्रोजन आत ओढते, हे प्रत्यक्ष मोजले. हाच खरा प्रोटॉन पंप, याचा पुरावा इथे पूर्ण झाला, कारण विकर आणि वाहतूक एकाच पटलावर एकत्र दिसली. शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्यांनी प्रोटॉन पंपाच्या धड्यात 1965 च्या त्या शोधनिबंधालाही अर्धे पान द्यावे.