कच्चा माल कुणाचा, कमाई कुणाची

सिंगापूरच्या नैर्ऋत्येला जुरोंग आयलंड आहे. सात छोटी बेटं समुद्रात भर घालून जोडली आणि सुमारे ३२ चौरस किलोमीटरचं हे एक बेट उभं राहिलं. काम १९९५ साली सुरू झालं, २००० साली पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी उद्घाटन केलं आणि भराव २००९ पर्यंत चालला. सात बेटांची मुंबई ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना याचं फारसं अप्रूप वाटणार नाही. पण या बेटाखाली तेलाचा थेंबही नाही. कच्चं तेल जहाजांनी बाहेरून येतं, काही समुद्रतळाखालच्या खडकात खोदलेल्या गुहांमध्ये साठवलं जातं, आणि त्यातून पेट्रोल, वंगण, इथिलीन, प्लास्टिकचा कच्चा माल तयार होऊन जगभर जातो. महाराष्ट्रातून गेलेले केमिकल इंजिनिअरही तिथे नोकरीला आहेत.

नायजेरियाची गोष्ट याच्या उलट. तिथे १९५६ साली ओलोइबिरीला तेल लागलं. दोन वर्षांत निर्यात सुरू झाली. सरकारच्या चार रिफायनऱ्यांची क्षमता मिळून दिवसाला ४ लाख ४५ हजार बॅरल. पण त्या वर्षानुवर्षं बहुतांशी बंद पडलेल्या. म्हणून देश कच्चं तेल विकायचा आणि पेट्रोल विकत आणायचा. पंपांवर रांगा लागायच्या. २०१९ च्या सरकारी पाहणीत तिथले ४० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

'दैव देतं आणि कर्म नेतं' असं म्हणून मोकळं होण्याचा मोह इथे होतो. तो आवरावा, कारण देश गरीब का राहतो या प्रश्नावर आपल्याकडे फार आधी आणि फार कसून विचार झाला आहे.

भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ साली 'बॉम्बे गॅझेट'मध्ये टोपणनावानं पत्रं लिहून इंग्रज राज्य या देशाची संपत्ती कशी उपसून नेतं हे मांडलं, तेव्हा ते पंचविशीतले तरुण होते. पुढे मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी या विचाराला आकड्यांचं बळ दिलं. १९०१ साली त्यांचा ग्रंथ आला तोवर 'संपत्तीचा ओघ' ही कल्पना सुशिक्षितांच्या बोलण्यात रुळली होती. इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी आफ्रिकेच्या दारिद्र्यावर १९७२ साली पुस्तक लिहिलं, त्यात याच जातीचा युक्तिवाद भेटतो: आफ्रिका मागे राहिली नाही, तिला मागे ठेवलं गेलं. नायजेरियाच्या बाबतीत तो खोटा नाही. पामतेल, शेंगदाणे, कोको बंदरापर्यंत नेण्यासाठी रेल्वे आली. देशाच्या आतला व्यापार वाढावा म्हणून आली नाही. सरहद्दी इंग्रजांनी आखल्या आणि स्वातंत्र्यानंतर सात वर्षांत बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलं.

न्यायमूर्ती रानडे मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. ओघ नाकारला नाही, पण सगळं लक्ष त्यावर लावू नका, असं त्यांनी १८९० च्या पुण्याच्या औद्योगिक परिषदेत सांगितलं. १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात तोच धागा पुढे नेला. त्यांच्या मते दुखणं खोल होतं. एकट्या शेतीवर जगणारा, कच्चा माल पिकवून बाहेर धाडणारा देश पावसाच्या आणि परक्या बाजाराच्या दयेवर राहतो. कारखाने इथे हवेत, आणि ते उभे करायला सरकारनं हात द्यायला हवा.

मला जुरोंग आयलंड पाहताना रानडे आठवतात ते यामुळे. १९६० साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस सल्ला द्यायला सिंगापूरला आले, १९६१ साली आर्थिक विकास मंडळ स्थापन झालं, आणि अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी जुरोंगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत काढली. लोक तिला त्यांचा वेडेपणा म्हणत. नंतर समोरच्या बेटांवर रिफायनरी आली, १९८४ साली पुलाऊ आयर मेरबाऊवर पेट्रोकेमिकल कारखाना सुरू झाला, आणि मग बेटंच जोडली गेली. रानड्यांना अभिप्रेत असलेलं सरकार हेच: बंदर, जमीन, घरं, प्रशिक्षण स्वतः उभं करणारं, आणि भांडवल बाहेरून आलं तरी त्याला आपल्या अटी घालणारं.

तरीही सिंगापूरचं उदाहरण आफ्रिकेच्या तोंडावर मारणं मला पटत नाही. १९६५ साली सिंगापूरचं दरडोई उत्पन्न पाचशे डॉलरच्या घरात, म्हणजे नायजेरियाच्या कितीतरी पट होतं. ते मोक्याच्या सागरी वाटेवरचं जुनं व्यापारी बंदर होतं. पोसायला मोठा ग्रामीण मुलूख नव्हता. शिवाय जुरोंगसमोरच्या या बेटांवर मलाय कोळ्यांच्या वस्त्या होत्या, त्यांना उठावं लागलं. आज त्यांच्या जागी उभ्या असलेल्या कारखान्यांची बांधकामं आणि दुरुस्ती तमिळनाडूतून आणि बांगलादेशातून आलेले मजूर करतात.

आणि इथे रानड्यांचा विचारही अपुरा पडतो. त्यांच्या आधीच जोतीराव फुल्यांनी प्रश्न घरात आणला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितलं की सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामातून, पण शिक्षणावरचा पैसा वरच्या जातींच्या मुलांकडे जातो. पुढच्या वर्षी पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये त्यांनी कुळकर्ण्यापासून वरच्या अंमलदारापर्यंतची साखळी उलगडून दाखवली. परका लुटतो हे खरं. पण कुणाकडून किती घ्यायचं आणि ते कुणावर खर्चायचं हे ठरवणारे हात घरचेही असतात.

नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशाला फुल्यांचा हा प्रश्न नेमका लागू पडतो. स्वातंत्र्याच्या वेळी खनिजाच्या उत्पन्नातला निम्मा वाटा ते ज्या प्रदेशातून निघतं त्याला मिळायचा. लष्करी राजवटींत तो घटत गेला. १९९९ च्या राज्यघटनेनं किमान १३ टक्के ठरवला. तिथल्या ओगोनी लोकांसाठी उभे राहिलेले लेखक केन सारो-विवा यांना १० नोव्हेंबर १९९५ ला फाशी दिलं गेलं. त्या प्रदेशात तेलाबरोबर निघणारा बराच वायू जागच्या जागी जाळतात. उरहोबो लोकांच्या वस्तीत बाया कसाव्याचा कीस टोपल्यांत भरून त्या ज्वाळेच्या आचेशी वाळायला ठेवतात, कारण तेवढं जळण फुकट मिळतं. धूर, काजळी, अंगावर येणारी झळ सोसत त्या तिथे वावरतात. ज्या वायूवर गावाला वीज मिळाली असती, त्यातून त्यांच्या पदरात पडते ती एवढी ऊब.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा या विचाराला आणखी एक वळण मिळालं. दिवसाच्या २२५० उष्मांकांचा हिशेब धरून त्यांनी दाखवलं की देशाचं उत्पन्न वाढलं तरी ते तळापर्यंत आपोआप झिरपत नाही. तळाच्या माणसाला काम द्यावं लागेल. बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेनं आकार घेतला. गरिबीचे परिणामच पुढच्या गरिबीची कारणं होतात, हे त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती: पोट भरत नाही म्हणून पोर कामाला, पोर कामाला म्हणून शाळा सुटते, शाळा सुटली की पुन्हा खडी. नायजेरियात आज एक कोटीहून अधिक मुलं शाळेबाहेर आहेत.

लेगोसजवळ लेक्कीला उद्योगपती अलिको डांगोटे यांची रिफायनरी झाली आहे. दिवसाला साडेसहा लाख बॅरल. तिच्या उभारणीत आपल्या इंजिनिअर्स इंडिया लिमिटेडचा मोठा वाटा आहे. रानडे असते तर त्यांनी तिचं मनापासून स्वागत केलं असतं, आणि मीही करतो. तिथलं पेट्रोल सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आलं. त्याआधीच्या वर्षी सरकारनं इंधनावरचं अनुदान काढून घेतलं होतं, नायरा या तिथल्या चलनाची किंमत घसरली होती. दोनशे नायराच्या आत मिळणारं लिटरभर पेट्रोल ऑक्टोबर २०२४ मध्ये हजाराच्या आसपास पोचलं. बसचं भाडं वाढलं, बाजारात माल आणणाऱ्या बायांचा खर्च वाढला. अनुदानाचा वाचलेला पैसा कुठल्या शाळेवर, कुठल्या दवाखान्यावर आणि त्रिभुज प्रदेशातल्या कुठल्या गावावर खर्च होतो, हे तिथले लोक आता आपल्या सरकारला विचारत आहेत.