पाहुणा कीं गिऱ्हाईक ?

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची व्युत्पत्ति आपले जुने पंडित सांगत आले आहेत. व्याकरणाच्या दृष्टीनें ती कितपत टिकेल हा वाद बाजूस ठेवला, तरी तिच्यांत एक मोठी नैतिक कल्पना सांठविलेली आहे यांत शंका नाहीं. अकस्मात् दारांत उभा राहणारा मनुष्य कोण, कुठला, याची चौकशी करण्यापूर्वीं त्याच्या पायांवर पाणी घालावें, त्याच्यापुढें पान मांडावें, आणि त्याबद्दल कांहीं परत मिळेल अशी अपेक्षा मनांत आणूं नये, हा त्या कल्पनेचा गाभा. आज कोंकणच्या किनाऱ्यावर गांवोगांव जो पाहुणा उतरतो त्याची तिथि महिनाभर आधीं टेलिफोनवरून ठरलेली असते. माणसें किती, मुलें किती, जेवणें किती हें मोजलेलें असतें, आणि पुष्कळदां कांहीं पैसेहि आगाऊ पोंचलेले असतात. अशा माणसाला पाहुणा म्हणावें कीं गिऱ्हाईक ? हा केवळ शब्दांचा प्रश्न असता तर त्यासाठीं कागद खर्ची घालण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या नांवानें आपण एखाद्याला ओळखतों त्या नांवाबरोबरच त्याचे हक्क आणि त्याचीं कर्तव्यें ठरत असतात. गिऱ्हाइकाला तक्रारीचा हक्क असतो, पाहुण्याला नसतो. पाहुण्यावर मर्यादेचें बंधन असतें, आणि गिऱ्हाइकावर तें नसतें असें निदान गिऱ्हाइकाला तरी वाटतें.

हा प्रश्न नुसत्या कल्पनेच्या प्रांतांत सोडविण्यापेक्षां एका गांवाच्या उदाहरणानें पाहिलेला बरा. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदीं उत्तरेस, मंडणगड तालुक्यांत, सावित्रीच्या मुखाजवळ वेळास हें लहानसें गांव आहे. नाना फडणविसांच्या भानु घराण्याचें मूळ गांव, एवढीच त्याची ओळख इतिहासाच्या अभ्यासकांना पुष्कळ वर्षें होती. नारळी-पोफळींचीं आगरें, जांभ्या दगडाचीं कौलारू घरें आणि पलीकडे लांबच लांब वाळूचा किनारा. हाताशीं आलेलीं मुलें शिक्षणाला आणि नोकरीला मुंबई-पुण्यास जायचीं, घरांत वडील माणसें राहायचीं, आणि गणपति-शिमग्याला काय तें घर भरायचें. कोंकणांतील इतर शेंकडों गांवांहून यांत निराळें कांहींच नव्हतें. २००२ सालीं चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करीत करीत या किनाऱ्यावर आले, आणि त्यांना वाळूंत कासवाच्या अंड्यांचीं टरफलें आढळलीं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्रीच्या वेळीं येथें वर येतात, वाळूंत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालतात, आणि वाळू सारखी करून समुद्रांत निघून जातात. मागें वळून पाहात नाहींत. कायद्याचें संरक्षण असूनहि तीं अंडीं माणसें नेत, आणि उरलीं तर कोल्हीं-कुत्रीं उकरीत. संस्थेनें गांवकऱ्यांना हाताशीं धरलें. अंडीं हलक्या हातानें उचलून कुंपणाच्या आंत पुन्हां वाळूंत पुरावयाचीं, दीड-दोन महिने राखण करावयाची, आणि पिल्लें वर आलीं म्हणजे तीं किनाऱ्यावर सोडावयाचीं, असा क्रम सुरू झाला. पुढें २००६ पासून हें पाहावयास लोकांना बोलावण्याचा कासव-महोत्सव निघाला. आलेल्या लोकांना उतरावयास गांवांत हॉटेल नव्हतें. म्हणून घरांचेच दरवाजे उघडले.

हल्लीं या व्यवस्थेला 'होमस्टे' असें नांव आहे. माणशीं अमुक इतके रुपये दिले म्हणजे चहा, न्याहारी, दोन वेळचें जेवण आणि रात्रीं ओटीवर किंवा माजघरांत गादी, असा साधारण हिशेब. खाणावळींतल्यासारखी पदार्थांची यादी नसते. घरांत जें शिजलें असेल तें पानांत पडतें. पण काय शिजतें ! फाल्गुन-चैत्राचे ते दिवस. ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी, डाळिंब्या, तांदळाची भाकरी, सोलकढी किंवा आमसुलाचें सार, सकाळीं घावन नाहीं तर आंबोळी, आणि आधीं सांगितलें असेल तर उकडीचे मोदक. मासळीच खावयाची असेल त्यानें बाणकोटच्या बाजूला किंवा खाडी उतरून हरिहरेश्वराकडे वळावें. वेळासांत ज्या घरांतून लोक उतरतात त्यांतलीं पुष्कळ घरें शाकाहारी आहेत, आणि तेथें सुरमईचा हट्ट धरणें म्हणजे देवळांत जाऊन चहाची मागणी करण्यासारखें आहे. जेवणाची वेळहि घर ठरवितें, उतारू नव्हे.

जुन्या वळणाच्या माणसाला यांत कांहींतरी हरवल्यासारखें वाटतें. कोंकणांतला माणूस दारीं आलेल्याला गूळ-पाणी दिल्यावांचून सोडीत नसे, आतां त्याच दारावर दरपत्रक लागलें, अशी हळहळ मीं अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ती खोटी नाहीं. पण ती अर्धवट आहे. जुन्या आतिथ्याला किंमत नव्हती, याचा अर्थ ती कोणी देत नव्हतें असा नव्हे. यजमान ओटीवर पाहुण्याशीं गप्पा मारीत बसे आणि पुण्य त्याच्या नांवावर जमा होई. त्या पुण्याचा खर्च आंत, चुलीच्या धुरांत, जात्यावर आणि विहिरीच्या रहाटावर चुकता होत असे. अवेळीं आलेल्या चार पानांसाठीं जिनें विझत आलेली चूल पुन्हां पेटविली तिची संमति कोणी घेतली नाहीं, आणि अतिथीला देव मानावें हा तैत्तिरीय उपनिषदांतला उपदेश ज्यांनीं पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ म्हटला त्यांनींहि त्या चुलीकडे फारसें पाहिल्याचें दिसत नाहीं. आज त्याच स्वयंपाकघरांतील बाई पुष्कळ घरांतून स्वतःच सांगते कीं, या आठवड्यांत आठच माणसें घेऊं, किंवा सून बाळंतीण आहे तेव्हां यंदा जमणार नाहीं. 'नाहीं' म्हणण्याची ही सोय दर ठरला तेव्हां तिच्या हातीं आली. दान करण्याची सक्ती असलेल्या माणसाला आपण उदार कसें म्हणावें, हें मला कधींच उमगलें नाहीं.

आणि दुसरी गोष्ट याहूनहि अवघड आहे. कोण, कुठला, हें विचारूं नये असें आपण म्हणतों खरें, पण व्यवहारांत तोच प्रश्न सर्वांत आधीं विचारला जात असे. पान ओटीवर मांडावयाचें कीं पडवींत कीं खळ्यांत, हें त्याच्या उत्तरावर ठरे, आणि कित्येकांना खळ्याच्याहि बाहेर, वरून ओतलेलें पाणी ओंजळींत घ्यावें लागे. त्या निरपेक्ष आतिथ्याचीं गोड वर्णनें ओटीवर बसलेल्यांनीं केलेलीं आहेत. ओंजळ धरणाऱ्यांचीं वर्णनें निराळीं असतील. पैसा हा कांहीं मोठा उदार पुरुष नव्हे. पण जात विचारण्याची त्याला संवय नाहीं, एवढा गुण त्याच्या पदरीं घातलाच पाहिजे. ती संवय समाजांतून समूळ गेली असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्याच्याकडून आगाऊ रक्कम घेतली त्याचें पान वेगळें मांडणें मनुष्याला कठीण जातें, हेंहि कांहीं थोडें नव्हे.

तेव्हां पैसे घेतले म्हणून आतिथ्य मेलें, हें म्हणणें मला मान्य नाहीं. खरा प्रश्न त्यापुढें सुरू होतो : त्या पैशांनीं नेमकें काय विकत घेतलें ? तांदूळ, नारळ, सरपण, गादी, श्रम. इतक्यांची किंमत होऊं शकते आणि ती व्हावी. पण पानावर बसल्यावर 'आणखी एक मोदक घ्याच' म्हणून काकू जो आग्रह करतात तो कोणत्या सदरांत घालावा ? एक मोदक अधिक गेला तर त्यांचा तोटाच आहे. व्यापाराच्या नियमानें त्यांनीं गप्प बसावें. एखादा संशयी मनुष्य म्हणेल, हाहि धंद्याचाच भाग. आग्रह केला म्हणजे लोक पुढच्या वर्षीं परत येतात. असेल. माणसाच्या एकाच कृतींत व्यवहार आणि माया यांचे धागे वेगळे काढून दाखविणें मोठमोठ्या तत्त्वज्ञांनाहि साधलेलें नाहीं, आणि तसे ते काढलेच पाहिजेत असेंहि मला वाटत नाहीं. वैद्य फी घेतो म्हणून रोग्याचा ताप उतरल्यावर त्याला होणारा आनंद खोटा ठरत नाहीं.

मात्र एक वस्तु अशी आहे कीं जी काकूंच्याहि हातांत नाहीं, आणि लोक मुख्यतः तिच्यासाठींच येतात. कुंपणांतील घरट्यांवर टोपल्या झांकलेल्या असतात. सकाळीं आणि संध्याकाळीं कासवमित्र त्या उचलून पाहतात. कधीं एका टोपलीखालीं वीस-पंचवीस पिल्लें वळवळत असतात. कधीं एकहि नसतें. दोरीच्या अलीकडे दोन-दोनशें माणसें, खांद्यावर मुलें, हातांत कॅमेरे, आणि टोपलीखालीं नुसती वाळू ! अशा वेळीं गर्दींतून कोणीतरी हमखास म्हणतो, "आम्हीं काय फुकट आलों कीं काय ?" हें वाक्य मला विचार करण्याजोगें वाटतें. त्या माणसानें जेवणाचे आणि निजण्याचे पैसे दिले, आणि दोन्हीं त्याला मिळालीं. पण मनांतल्या मनांत त्यानें पावतीवर कासवहि लिहून टाकलें होतें. काय काय आपलें झालें याची यादी खिसा मोकळा केलेला माणूस एकटाच तयार करतो, आणि ती नेहमीं मिळालेल्या मालापेक्षां लांब असते.

येथें केवळ मनाच्या कोतेपणाचा प्रश्न असता तर हंसून सोडून देतां आला असता. परंतु त्या अपेक्षेचा भार जाऊन पडतो तो पिल्लांवर. निसर्गक्रमांत हीं पिल्लें बहुधा रात्रीं वाळूबाहेर येतात. अंधार असतो, वाळू निवलेली असते, आणि क्षितिजावरील उजेडाच्या रोखानें तीं पाण्याकडे धांवतात. सकाळ-संध्याकाळचा ठराविक वक्त हा माणसांच्या सोयीचा आहे. ही तडजोड आहे, आणि माझ्या मतें ती योग्य तडजोड आहे, कारण त्या तडजोडीमुळेंच गांवाला अंडीं खाण्यापेक्षां राखणें परवडूं लागलें. लाभ होतो म्हणून केलेलें सत्कर्म सत्कर्म नव्हे, असें म्हणणारा एक कडक पंथ आहे. त्या पंथाच्या लोकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं २००२ सालीं ज्यांनीं पहिलीं घरटीं राखलीं त्यांच्यापुढें कोणताहि लाभ नव्हता. लाभ मागाहून आला, आणि त्यानें त्या सद्बुद्धीला अन्न घातलें. उपाशी सद्बुद्धि फार वर्षें टिकत नाहीं. पण अन्न घालणारा जो, त्याची मर्जीहि हळूहळू चालूं लागते. उद्यां गर्दीनें आरडाओरडा केला, 'आमची गाडी दहाला सुटते, चार पिल्लें तरी दाखवा' म्हणून गळ घातली, आणि गर्दीच्या वेळेसाठीं पिल्लें अडवून ठेवावीं असा मोह कोणाला झाला, तर त्या पापाचा वांटा कोणाचा ? कासवमित्राचा थोडा, बहुतेक सगळा दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्यांचा. या गांवाची नीति आतां एकट्या गांवाच्या हातीं राहिलेली नाहीं. ती पैसे देऊन येणाऱ्यांच्या वागणुकीवर टेकली आहे. म्हणून पैसे दिल्यानें येणाऱ्यावरचें मर्यादेचें बंधन सुटतें हें गिऱ्हाइकाचें शास्त्र मला उलटें वाटतें. फुकट जेवणाऱ्या पाहुण्याला फार तर घरच्या माणसाचा जीव दुखवितां येई; दाम मोजणाऱ्याला गांवाचें वळण बिघडवितां येतें.

टोपली रिकामी निघाली तर दिवस वायां जात नाहीं. जवळच बाणकोटचा किल्ला आहे. त्याचें जुनें नांव हिम्मतगड. १७५५ सालीं तो आंग्र्यांकडून इंग्रजांनीं घेतला आणि त्याला व्हिक्टोरिया हें नांव दिलें. तटावर उभें राहिलें म्हणजे सावित्रीचें मुख आणि समोर हरिहरेश्वराचा डोंगर एका नजरेंत येतो. वेश्वीहून पलीकडे बागमांडल्यास फेरीबोट जाते, मोटारीहि चढवून घेते. हरिहरेश्वरीं देवदर्शनानंतर डोंगराच्या पायथ्याशीं समुद्राला लागून प्रदक्षिणेची वाट आहे; लाटांनीं कोरून काढलेले ते खडक पाहण्यासारखे आहेत, पण ती वाट ओहोटी असेल तेव्हांच चालावी. किती पैसे मोजले हें भरतीला सांगून उपयोग नाहीं, आणि तें न समजल्यामुळें त्या खडकांवर माणसें दगावलेलीं आहेत. दक्षिणेला वळावयाचें असेल तर केळशीवरून हर्णैपर्यंत जावें. होड्या आल्या कीं तेथें किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, आणि मासळी कशी विकत घेतली जाते हें पाहिल्यावर ती खाण्याची चवहि बदलते. फक्त हर्णै कांहीं हाताच्या अंतरावर नाहीं, आणि वाटेंत घाट-वळणें पुष्कळ. परत यावयास उशीर होणार असें दिसलें तर घरीं एक टेलिफोन करावा, विशेषतः मोदक सांगितले असतील तर. कारण तोंवर नारळ खवून झालेला असतो, उकड मळून झांकून ठेवलेली असते, आणि ती निवली म्हणजे तिला कळ्या पडत नाहींत.