कापडाची बेगमी

शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या घरी न शिवलेल्या कापडाचा जो साठा हटकून आढळतो, त्याला घरातील इतर मंडळी बहुधा हव्यास म्हणतात. आणि जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता त्यांचा आक्षेप अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही, कारण ट्रंकेत पडून राहिलेले कापड कोणाच्या अंगावर चढत नाही आणि त्यात गुंतलेला पैसाही मोकळा होत नाही. तथापि शिवण प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने घडते हे ध्यानी घेतले, म्हणजे ही बेगमी कारागिराची रास्त गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा खण पाहावा. त्याचा पन्हा बेताचा, दोन्ही अंगांना काठ आणि मध्ये बारीक नक्षी. तेव्हा चोळी बेतणारीला काठ बाहीच्या टोकाशी कसा आणावा, उरलेला तुकडा कोठे जिरवावा, याचा निर्णय त्या खणाकडे पाहूनच करावा लागतो. उत्तम शिवणीत कल्पना कापडातून उगवते. सबब ज्याच्यापाशी कापड मुबलक, त्याच्यापाशी कल्पनाही मुबलक.

शिवाय या संग्रहात हाताचे शिक्षण साठलेले असते. जाणती स्त्री कापड चिमटीत चोळून खळीचा अंदाज घेते, मुठीत चुरगळून सुरकुती कितपत राहते ते पाहते, कोपरा तिरका ओढून ताण जोखते आणि उजेडासमोर धरून वीण दाट की विरळ हे ठरवते. हे तारतम्य पुस्तकाने येत नाही. नाना जातींची कापडे वर्षानुवर्षे हाताखालून गेली म्हणजेच ते बोटांत मुरते.

आणखी एक कारण टंचाईच्या अनुभवाचे आहे. हातमागावरचा एक ताणा संपला की पुढच्या खेपेस रंगवलेल्या सुताची छटा हुबेहूब तीच उतरेल याची हमी नसते, म्हणून आवडलेले कापड त्याच वेळी घेणे शहाणपणाचे ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात, 1943 साली, सरकारने सूत व कापड यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला; त्या काळात संसार केलेल्या स्त्रियांना चार बोटांची चिंधीही टाकवत नसे, याचे नवल वाटायला नको. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकजीव करणारी आपली गोधडी अशा राखून ठेवण्याच्या वृत्तीतूनच उभी राहिली आहे.

मात्र या समर्थनाला एक मर्यादा आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिले तर घडीवरच विरते, कसर तर काहीच सोडत नाही. कात्री एकदा चालली की माघार नाही, या धास्तीने चांगले कापड ‘योग्य प्रसंगासाठी’ राखून ठेवणारा माणूस विणकराच्या श्रमाचा मान राखल्याच्या समाधानात प्रत्यक्षात त्या श्रमाचा नाशच करीत असतो; कारण विणकराने ते वस्त्र माणसाच्या अंगासाठी विणले होते. म्हणून बेगमी अवश्य करावी, परंतु जे आपल्या हातून शिवून होणार नाही ते शिवण शिकणाऱ्या एखाद्या मुलीच्या स्वाधीन वेळीच करावे, आणि पहिली कात्री चुकीची चालली तरी तिला बोल लावू नये.