वाटेवरचा होकार

आपल्या देवस्थानच्या पत्रिकेत राजकारणाचा विषय येऊ नये असा जुना संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. महाप्रसादाच्या पंक्तीत ज्यांची पाने शेजारी शेजारी मांडली जातात, त्यांची मतेही शेजारी बसतील असे नाही. तो संकेत मोडण्याचा आमचा हेतू नाही. कोणता पक्ष बरा आणि कोणते राज्य चांगले, हा निवाडा आम्ही येथे करीत नाही. आमचा प्रश्न वाणीचा आहे. प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसाने राजकारणाची गोष्ट काढली आणि त्याचे म्हणणे आपणांस पटले नाही, तर आपण त्याला काय देणे लागतो? आपले खरे मत, मौन, की नुसता होकार?

हा प्रश्न आम्हांस पोथीतून सुचलेला नाही. उत्सवापूर्वी निमंत्रणपत्रिका घेऊन यजमानांच्या गावोगावी जाण्याचे काम, वडिलांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून, गेल्या काही वर्षांपासून आमच्याकडे आले आहे. बेळगावाहून पूर्वेस नेसरगी, यरगट्टी, सौंदत्ती, आणि पश्चिमेस खानापूर, जांबोटी, कणकुंबी अशा या दोन फेऱ्या असतात. एकीकडे कानडी मुलूख, दुसरीकडे मराठी. दोहोंना जोडणारी मलप्रभा. ती उगम पावते कणकुंबीस आणि अडविली जाते सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात. या लहान गावांच्या स्टँडांवर आणि चहाच्या दुकानांत जितके राजकारण ऐकू येते तितके शहरात क्वचित ऐकू येते, कारण शहरात शेजारचा माणूस आपल्याशी बोलतच नाही. येथे तो प्रथम गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि मग पाऊस, उसाचा दर अशा पायऱ्या चढत सरकारपर्यंत येतो. त्याला आपले मत हवे असतेच. परंतु ते कोणाचे मत आहे हे अगोदर हवे असते.

अशाच एका फेरीत सौंदत्तीच्या गाडीत आम्ही बसलो होतो. गाडी स्त्रियांनी भरली होती. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून यल्लम्माच्या वाटेवर ही गर्दी नित्याची झाली आहे. एक पागोटेवाले शेतकरी उभ्याने कुरकुरत होते की फुकट मिळाले म्हणजे माणसाला काम नसले तरी हिंडावेसे वाटते. मागच्या बाकावरून भाजीची पाटी मांडीवर घेतलेल्या एका बाईने विचारले, “अण्णा, तुमच्या विहिरीवरचा पंप कोणाच्या पैशाने चालतो?” दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना तेथे वीज मोफत आहे, हे सगळ्या गाडीला ठाऊक होते. गाडी हसली आणि पागोटेवालेही हसले. त्या बाईने मग पाटी पायाशी घेऊन त्यांना टेकण्यापुरती जागा करून दिली. तिचे बोलणे तोंडावर होते, झोंबणारे होते आणि खरे होते. तरी कोणी दुखावले नाही. या बाईची आठवण वाचकांनी ठेवावी. आम्हांस ती पुढे वारंवार झाली.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. धरणाच्या कालव्यावर त्यांचे उसाचे शेत होते. दुपार झाली तेव्हा त्यांनी गाठोडे सोडले आणि कडक भाकरीचा अर्धा तुकडा, त्यावर शेंगाचटणी ठेवून, आमच्या हातावर दिला. बोलणे कानडीत चालले होते. लहानपणापासून ती भाषा आमच्या कानावर असल्याने आमच्या उच्चारावरून त्यांस काही कळले नसावे. गोष्ट निघाली ती सीमेची. १९५६ साली एकदा ठरले, महाजन आयोगानेही १९६७ साली बेळगाव इकडेच ठेवावे असे सांगितले, तरी २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या बेळगावच्या मराठी लोकांना येथले पाणी गोड आणि येथले राज्य कडू, असे ते म्हणाले. आणि मग, “त्यांना गाडीत घालून पलीकडे पोचते करावे, नाही का, तम्मा?”

आम्ही म्हणालो, “हौदु, अज्जा.”

एकदा नव्हे, तीनदा म्हणालो. भाकरी तोंडात होती.

पुढे थोड्याच वेळात खिशातला फोन वाजला. आई होती. औषधाची वेळ, परतीची गाडी असे दोन-चार शब्द आम्हांस मराठीत बोलावे लागले. फोन ठेवला तेव्हा अज्जा खिडकीबाहेर पाहत होते. बऱ्याच वेळाने ते मोडक्या मराठीत म्हणाले, “आधीच का नाही सांगितलास? भाकरी काढून घेतलो असतो काय मी?” तरुणपणी गूळ घेऊन ते कोल्हापूरच्या बाजारात जात असत, मराठी तेथली. यरगट्टी येईपर्यंत त्यानंतर आमच्यात काही बोलणे झाले नाही.

त्या रात्री आम्ही स्वतःच्या समर्थनासाठी शास्त्राकडे धावलो, जसे सर्वच अपराधी धावतात. मनूने चौथ्या अध्यायात सांगितले आहे की सत्य बोलावे, प्रिय बोलावे आणि अप्रिय सत्य बोलू नये. येवढे बहुतेकांस पाठ असते. त्याच श्लोकात पुढे, प्रिय असले तरी असत्य बोलू नये असेही आहे, ते पाठ असूनही आठवत नाही. आम्हांसही ते सोयीने आठवले नव्हते. मग कर्णपर्वातील कौशिक ऋषी आठवले. सत्य बोलण्याचे व्रत म्हणून त्यांनी दरोडेखोरांना पळालेल्या लोकांची वाट दाखविली, ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेले, ही कथा श्रीकृष्णाने अर्जुनास सांगितली आहे. तिचा आधार घेऊन पुष्कळ लोक आपली लहानसहान असत्ये झाकतात. परंतु आमच्या शेजारी दरोडेखोर बसला नव्हता. भाकरीचे गाठोडे घेतलेला एक म्हातारा बसला होता, आणि आमच्या खऱ्या उत्तराने कोणाचा जीव जाणार नव्हता.

भीती अगदीच खोटी होती असे मात्र नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर वाहनांवर दगड पडले, गाड्यांना काळे फासले गेले, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. अशा दिवशी जमावापुढे कोणी गप्प राहिला तर त्याला आम्ही दोष देणार नाही. पण अज्जा म्हणजे जमाव नव्हे. येथेच आमचा खरा अपराध होता. त्या होकाराला आम्ही नम्रता समजत होतो. वस्तुतः तो त्या माणसाविरुद्ध त्याला न विचारता दिलेला निकाल होता. हा ऐकून घेणार नाही, हा चिडेल, याच्या मनात एका वाक्यापलीकडे काही नसेल, असा तो निकाल. शिवाय आम्ही त्यांचे काही चोरलेही. घरी जाऊन ते म्हणाले असते, “आज गाडीत एक शिकलेला मुलगा भेटला, तोही असेच म्हणत होता.” एका खोट्या साक्षीदाराने त्यांचे मत एका वीतभर घट्ट झाले असते. आणि ज्या एका मराठी माणसाशी त्या दिवशी त्यांचे बोलणे होऊ शकले असते, तो त्यांच्या शेजारी बसूनही त्यांना भेटलाच नाही. मौन पाळले असते तरी बरे झाले असते असेही म्हणवत नाही. आपल्याकडे मौनाला संमतीच मानतात.

तेव्हा आम्ही मनाशी ठरविले की यापुढे जे वाटते ते बोलायचे. पंधरा दिवसांनी पश्चिमेची फेरी आली. खानापूरच्या पलीकडे एका गावी (नाव लिहीत नाही) चहाच्या दुकानात आठ-दहा मंडळी बसली होती. त्यांत आमचे एक जुने यजमानही होते. त्यांच्या घरून दरवर्षी महाप्रसादासाठी नव्या तांदळाचे पोते येते. गोष्ट सीमेचीच निघाली. महाजनांनी खानापूर आणि नंदगड महाराष्ट्रास द्यावे असे लिहिले होते, ते कोणी बोलत नाही, असे एकाने म्हटले. ते खरेच होते. एकाच अहवालाची दोन पाने मलप्रभेच्या दोन टोकांना पाठ होती. मग यजमान म्हणाले, कानडी माणूस पाणी पाजील तेही मोजून पाजील.

आम्ही तेथे भाकरीची हकीकत सांगितली. तेवढ्यावर थांबलो असतो तर चालले असते. परंतु खरे बोलण्याचीही एक धुंदी असते. तिने आम्ही पुढे बोलत गेलो. शेजाऱ्याची भाषा मुलांना आली म्हणून आपली बुडत नाही, १९५६ची रेघ यरगट्टीच्या शेतकऱ्याने ओढली नव्हती, आणि आपणही आपल्या गावातल्या कानडी घरांना किती वर्षे परके म्हणणार, असे बरेच बोललो. कोणी वाद घातला नाही. एकाने वर्तमानपत्र उघडले. यजमान उठले, आमच्याही चहाचे पैसे देऊन म्हणाले, “बाळ, तुझे आजोबा आमच्या ओसरीवर बसत. त्यांचे तोंड असे नव्हते.” आणि निघून गेले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे: ती उद्वेग न करणारी, सत्य, प्रिय आणि हितकर असावी. आमची वाणी त्या दिवशी सत्य होती. बाकीच्या तिन्हींचे काय झाले ते आम्ही अजून शोधीत आहोत. गाडीतल्या बाईने केले ते आम्हांस का साधले नाही? ती हरणार नव्हती असे नाही. परंतु तिने पागोटेवाल्यांना त्यांच्याच विहिरीजवळ नेले, आणि बोलणे संपताच पाटी सरकवून जागा दिली. आम्ही यजमानांना कोणतीच जागा ठेवली नव्हती.

त्या वर्षी त्यांचे तांदूळ आले नाहीत. भात पिकले नसेल, घरात काही अडचण असेल. विचारण्याचे धैर्य झाले नाही. वडिलांना सर्व हकीकत सांगितली, गाडीतली आणि दुकानातलीही. पहिलीवर ते काही बोलले नाहीत. दुसरी ऐकून त्यांनी येवढेच विचारले, “हे तू दहा जणांत दुकानात का बोललास? ओसरीवर का नाही?”

यंदाच्या पत्रिका छापून आल्या आहेत. पश्चिमेच्या फेरीत त्या घरची पत्रिका आम्ही सर्वांत वर ठेवली आहे.